गाण्यांची बदली

आप्पांची बदली झाली की टेम्पो यायच्या आदल्या रात्री कॅसेटची पेटी सगळ्यात आधी बांधली जायची. भांडीकुंडी, गाद्या, आमची दप्तरं नंतर. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींचा संसार तो. पाथर्डी, शेवगाव, नेवासे असा नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांतून फिरत राहिला. पेटी पत्र्याची होती. आत कॅसेट उभ्या रचलेल्या आणि त्या हलू नयेत म्हणून फटीफटींत आईच्या जुन्या पातळाचे तुकडे कोंबलेले. टेम्पोच्या मागच्या बाजूला ती कधीच चढली नाही. बदल्या व्हायच्या उन्हाळ्यात, आणि आमच्याकडच्या मे महिन्यात पत्रा तापला की कॅसेटचं प्लॅस्टिक वाकतं, फीत खेचली जाते. म्हणून पेटी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, आप्पांच्या पायांशी. नव्या गावात खोलीचं कुलूप उघडलं की आधी तिची जागा ठरायची. चुलीपासून लांब, भिंतीची ओल लागणार नाही अशी, आणि स्पीकरला खेटून तर मुळीच नाही, कारण त्यातल्या लोहचुंबकाने फीत पुसट होते.

पेटीबरोबर एक शंभर पानी वही असायची. आप्पांच्या वळणदार अक्षरात रकाने आखलेले: कॅसेटचा क्रमांक, ए की बी बाजू, गाणं, गायक, कुठून उतरवलं, कोणाला दिली, परत कधी आली. ‘कोणाला दिली’ हा रकाना सगळ्यात गजबजलेला. गावातले तलाठी, दवाखान्यातले कंपाउंडर, शाळेतले दुसरे गुरुजी, कोणी ना कोणी काहीतरी नेलेलं असायचंच. गीतरामायणाचा संच घरात कमी आणि बाहेरच जास्त राहिला. १९५५ सालच्या एक एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे लागलेली ती छप्पन्न गाणी आजोबांनी चावडीवरच्या रेडिओसमोर बसून ऐकली होती. आपल्या मुलाकडे ती सगळी एका पेटीत आहेत, हवी तेव्हा लावता येतात, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

कोणतं गाणं किती वेळा ऐकलं, असा रकाना मात्र वहीत नव्हता. तशी गरजही नव्हती. ते कॅसेटच सांगायची. साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये साधारण नव्वद मीटर फीत असते आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने हेडला घासत जाते. प्रत्येक फेरीत चुंबकीय थराची थोडी धूळ झडते. आप्पा अधूनमधून कापसाच्या बोळ्याला कोलन वॉटर लावून हेड पुसायचे, तेव्हा कापसावर तपकिरी डाग उमटायचा. फार ऐकलेल्या गाण्यात आधी टाळ-झांजांची धार जाते, मग ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. प्रल्हाद शिंद्यांच्या भक्तिगीतांची आमची कॅसेट बी बाजूला करकरीत होती आणि ए बाजूला मधलंच एक गाणं पार दमलेलं. ते कोणाचं लाडकं हे सांगायला वही लागत नव्हती. लेबलावरचा आकडा पुसलेला, मागच्या कडेचे दोन कपचे मोडलेले, म्हणजे ही कॅसेट कोणी चुकूनही पुसायची नाही. कपचे मोडलेल्या भोकांवर चिकटपट्टी असेल तर कधीकाळी आवडती होती, आता तिच्यावर दुसरं काही भरलंय.

लाखेच्या तबकड्यांचंही तेच. पोलादी सुई खोबणीत फिरून फिरून तिला करडी करते. मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’सारख्या संस्थांतून जी जाणती संग्राहक मंडळी भेटतात, ती जुनी तबकडी हातात आली की ती उजेडाकडे तिरपी धरून बघतात. करडा पट्टा कुठे आहे त्यावरून आधीच्या मालकाने काय ऐकलं ते कळतं.

गाणं आणि त्याच्या ऐकण्याची खूण एकाच वस्तूत नांदत होती. पेटी उचलली की दोन्ही उचललं जायचं. या एका गोष्टीत सगळं बदललं, आणि ते बदललंय हे आमच्या लक्षात यायला फार वर्षं गेली.

कॅसेट यायच्या कुठून? काही विकतच्या. टी-सिरीजने किमती खाली आणल्यावर मढीच्या कानिफनाथांच्या यात्रेतसुद्धा कॅसेटचे स्टॉल लागायला लागले. पण आप्पांचा ओढा रेकॉर्डिंगवाल्याकडे. नगरला काही कामाने आलं की बाजारातल्या दुकानात कोरी कॅसेट आणि कागदावर लिहिलेली यादी द्यायची. पुढच्या फेरीला कॅसेट तयार. यादीतली गाणी संपून बाजूच्या शेवटी दोन-तीन मिनिटं उरली तर दुकानदार स्वतःच्या मनाने काहीतरी भरायचा. कोरी फीत परत देणं त्याला बरं वाटत नसावं. अशाच उरलेल्या जागेतून तलत महमूदचं एक गाणं आमच्या घरात आलं. यादीत नव्हतं. आमच्या धाकट्या काकांना, नानांना, ते इतकं आवडलं की ते आले की आधी ती कॅसेट शेवटापर्यंत पुढे पळवायचे आणि मग चहा घ्यायचे. त्यांचा आवाज गोड होता. लग्नकार्यात, तुळशीच्या लग्नात, कुठेही बसले की तेच गायचे. ऐन चाळिशीत ते गेले.

नगरच्या मातीत ऐकण्याचा आणखी मोठा हिशेब मांडला गेलाय आणि तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे बडे नेते नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवले, त्यांत मौलाना आझाद होते. तिथे बसून त्यांनी मित्राला पत्रं लिहिली. टाकता येत नव्हती तरी लिहिली. १९४६ मध्ये ती ‘गुबारे-खातिर’ या नावाने छापली गेली. त्यातलं एक लांबलचक पत्र निव्वळ संगीतावर आहे. तरुणपणी शिकलेली सतार, ताजमहालाच्या परिसरात चांदण्यात ती वाजवत बसलेल्या रात्री, अरबी गायन, हिंदुस्थानी राग. तुरुंगातल्या त्या खोलीत त्यांना हे सगळं आठवणीतूनच काढायचं होतं.

दुसरी गोष्ट अरणगावजवळच्या मेहेराबादची. मेहेरबाबांनी ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवला. आपल्याला समाधी देताना कोल पोर्टरच्या ‘बिगिन द बिगीन’ या गाण्याची रेकॉर्ड सात वेळा लावावी, अशी त्यांची इच्छा होती. किती वेळा ऐकायचं हे आधी सांगून ठेवलेलं. दौंड रस्त्याकडच्या आपल्या त्या माळरानावर अमेरिकी नाचगाण्याची ती चाल घुमली असेल, हा विचार मला दरवेळी थांबवतो. पुढे ‘द हू’ या वाद्यवृंदाचे पीट टाऊनशेंड यांनी, तेही बाबांचे भक्त, हेच गाणं स्वतः ध्वनिमुद्रित केलं.

आप्पा निवृत्त झाले, आम्ही नगरमध्ये सावेडीला घर केलं आणि दादाने पुण्याहून संगणक आणून दिला. हार्ड डिस्क ऐंशी जीबीची. घरात कोणालाच तिचं काय करायचं ते कळेना, आप्पांना मात्र लगेच कळलं. टेपच्या मागच्या लाइन आउटपासून संगणकाच्या लाइन इनपर्यंत एक वायर, आणि ऑडॅसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. बस्स. कॅसेट संगणकात घ्यायची तर घाई चालत नाही. साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच खाते. पेटीतली प्रत्येक कॅसेट अथपासून इतिपर्यंत त्यांनी पुन्हा ऐकली, कितीतरी वर्षांत न लावलेल्यासुद्धा. ते भारनियमनाचे दिवस. वेळापत्रक वर्तमानपत्रातून कापून संगणकाच्या टेबलाशेजारी डकवलेलं होतं आणि बाजू अर्ध्यात असताना दिवे जाणार नाहीत अशा बेताने ते कॅसेट लावायचे. सकाळी लवकर ए बाजू, दुपारी वीज आली की बी.

एका मिनिटाच्या गाण्याला साधारण एक एमबी. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून आलेली ती आख्खी पेटी डिस्कच्या एका कोपऱ्यात मावली. आप्पा हरखले होते. मग वही उघडून बसले. संगणक प्रत्येक गाण्याला ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ म्हणत होता, त्यांची बारशी करायची होती. नाव, गायक, संगीतकार, आणि शेरा लिहायच्या जागी वहीतला रकाना: हे गाणं कुठून उतरवलं. हे लिखाण गाण्याच्या फाइलीच्या पोटातच राहतं. गाणं कुठेही न्या, त्याचं नावगाव त्याच्याबरोबर जातं.

ऐकण्याचं तसं नाही. दादाने नंतर आप्पांना आयपॉड नॅनो आणून दिला आणि त्यासाठी संगणकात आयट्यून्स घातलं. पहाटे भिस्तबागेकडे फिरायला जाताना सदऱ्याच्या खिशात नॅनो, आणि परत आल्यावर तो वायरने संगणकाला जोडून ठेवायचा, हा त्यांचा नेम झाला. जोडला की फिरताना जे जे ऐकलं त्याची नोंद संगणकात उतरायची. गाणं शेवटपर्यंत वाजलं तर त्याच्यापुढचा आकडा एकाने वाढतो. अर्ध्यात बंद केलं तर वाढत नाही. सुरू झाल्याझाल्या पुढचं लावलं तर त्याची वेगळी मोजणी होते: हे गाणं वगळलं. शेवटचं कधी वाजलं त्याची तारीख-वेळ, शेवटचं कधी वगळलं त्याचीही. गाणं संग्रहात कधी आलं, किती तारे दिले, कोणत्या याद्या केल्या, हे सगळं. पण यातलं जवळपास काहीच गाण्याच्या फाइलीत नसतं. ते राहतं ‘आयट्यून्स लायब्ररी’ नावाच्या एका लहानशा फाइलीत. गाणी एकीकडे, त्यांच्या ऐकण्याचा इतिहास दुसरीकडे. गाणं हजार वेळा वाजवा, त्याला ओरखडा उठत नाही. पहिल्या दिवशी होतं तसंच राहतं.

आप्पा गाण्यांना नावं देत बसले होते त्याच सुमारास तालुक्याच्या गावांत मोबाइलच्या दुकानांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या झळकल्या. दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायचं. बाजाराच्या दिवशी दुकानासमोर रांग असायची. काउंटरमागचा पोरगा विचारायचा, “काय भरू?” त्याच्या संगणकातले फोल्डर म्हणजे त्या तालुक्याच्या आवडीनिवडीचा नकाशाच होता. भीमगीतं, साईबाबांची गाणी, लावण्या, वगनाट्यं, कव्वाल्या, जुनी हिंदी, नवी हिंदी, डीजे. ऊसतोडणीच्या हंगामात कारखान्याकडे दोन-दोन ट्रेलर ओढत निघालेल्या ट्रॅक्टरवर रात्रीबेरात्री जी गाणी वाजायची, ती अशाच दुकानांत भरून घेतलेल्या पेन ड्राइव्हमधून आलेली. गाणाऱ्याला त्यातून दमडी मिळत नव्हती, हे खरं आणि वाईटच. पण ज्यांच्या घरात कधी टेप आला नव्हता अशा माणसांनी आयुष्यात पहिल्यांदा आपल्याला काय ऐकायचंय ते आपल्या तोंडाने सांगितलं, तेही याच काउंटरवर. त्या ऐकण्याची नोंद कुठेच नाही. कार्ड बिघडलं की नवं भरून घ्यायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, गाणी थेट फोनवर यायला लागली आणि पाट्या उतरल्या. त्या दुकानांतल्या हार्ड डिस्क भंगारात गेल्या असतील. त्यांतला एखादा तरी फोल्डर कोणी सांभाळून ठेवायला हवा होता, असं मला फार वाटतं.

हल्ली ऐकण्याचा हिशेब कंपनी ठेवते. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. वर्षाअखेरीला तुम्ही काय किती ऐकलं त्याचं रंगीत पत्रक ते हातात देतं आणि मुलं ते एकमेकांना दाखवतात. छान वाटतं, मलाही वाटतं. पण ती वही दुसऱ्याच्या घरात आहे. विंक हे गाण्यांचं ॲप २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा कितीजणांच्या याद्यांचं काय झालं असेल, कोण जाणे.

आप्पा गेल्यावर तो संगणक बरेच दिवस झाकून ठेवलेला होता. मग त्याचा वीजपुरवठ्याचा डबा जळला. दादाचा मुलगा, माझा भाचा, सुट्टीत आला तेव्हा त्याने हार्ड डिस्क काढून हातात घेतली. जुन्या पद्धतीची, चाळीस पिनांच्या चपट्या पट्टीने जोडायची. आजच्या लॅपटॉपला तशी जागाच नसते. मग रूपांतर करणारी वायर आणि डिस्कला वेगळी वीज देणारा अडॅप्टर मागवला. डिस्क फिरली, आणि फिरताना मधूनच टक्‌टक् असा आवाज आला.

“आत्या, आता हिच्यावर काहीही उघडायचं नाही,” तो म्हणाला. “गाणं लावून बघायचं नाही, फोल्डर उघडायचा नाही. आधी सगळी उचलून घेऊ.”

मी म्हटलं, गाणी तेवढी घे, बाकीचं काय करायचंय. तेव्हा त्याने मला ती लहानशी फाइल काय असते ते समजावलं. मला आप्पांच्या एका स्नेह्यांचं आठवलं. श्रीरामपूरचे. त्यांनी संगणक बदलताना दुकानदाराला ‘सगळी गाणी नव्यात घाल’ म्हणून सांगितलं. त्याने सांगितलं तेवढंच केलं. गाणी घातली, जुनी डिस्क पुसून टाकली. एकही गाणं हरवलं नाही. फक्त प्रत्येक गाण्यापुढे शून्य आलं, आणि संग्रहात आल्याची तारीख सगळ्यांची एकच, त्या दिवसाची. त्यांना गाणी परत मिळाल्याचा आनंद व्हायला हवा होता. ते म्हणाले होते, “हे सगळं कोणीतरी दुसऱ्यानेच जमवलेलं वाटतंय.”

भाच्याने लिनक्सवर चालणारा एक प्रोग्राम लावला. आजारी डिस्क वाचायची त्याची रीत मला आवडली. जिथलं सहज वाचता येतं तिथलं आधी उचलायचं. जिथे अडखळतं तिथे थांबून राहायचं नाही, खूण करून पुढे जायचं. सगळं सोपं हाती आलं की मग त्या खुणा केलेल्या जागांकडे परत यायचं, पुन्हा पुन्हा, हळूहळू. रात्रभर ते चाललं. सकाळी पडद्यावर उरलेल्या जागा अगदी थोड्या होत्या.

मग नव्या ड्राइव्हवर मांडणी. इथेच बहुतेकांचं फसतं. आयट्यून्सला गाणं नावाने माहीत नसतं, पत्त्याने माहीत असतं: डी ड्राइव्ह, अमुक फोल्डर, तमुक फाइल. नव्या ड्राइव्हला संगणकाने ई हे अक्षर दिलं तर पत्ता चुकतो आणि प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह उभं राहतं. माणूस घाबरून सगळं पुसतो आणि गाणी नव्याने आत ओढतो. गाणी येतात, इतिहास जातो. म्हणून आधी ड्राइव्हला डी हेच अक्षर द्यायचं. गाण्यांचा फोल्डर आणि ती लायब्ररीची फाइल होती तशी, त्याच रचनेत, एकत्र ठेवायची. शिफ्टचं बटण दाबून धरून आयट्यून्स उघडायचं, म्हणजे ते विचारतं, कोणती लायब्ररी उघडू? तिथे ही जुनी दाखवायची. जुनी डिस्क मात्र इतक्यात पुसायची नाही.

आयट्यून्स उघडण्याआधी त्याने आणखी एक केलं. प्रत्येक फाइलीवरून गणिताने एक लांबलचक आकडा निघतो. फाइलीतलं एक अक्षर जरी बदललं तरी तो आकडा बदलतो. उचललेल्या प्रतीतल्या आणि नव्या ड्राइव्हवरच्या प्रत्येक फाइलीचे आकडे त्याने ताडून बघितले. मला नेवासं आठवलं. लहानपणी आम्ही तिथल्या पैसाच्या खांबाला कितीदा हात लावलाय. शके १२१२ मध्ये तिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, आणि मग पावणेतीनशे-तीनशे वर्षं हातोहाती नकला होत गेल्या. प्रत्येक नकलेत काहीतरी निसटलं, काहीतरी घुसलं. शेवटी पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. नक्कल करणाऱ्यावर विश्वास असला तरी ताडून बघायचं असतं, हे आपल्याला नवं नाही.

अडखळलेल्या जागांत काही भजनं सापडली होती. फाइली होत्या, पण मध्येच खरखर आणि मग शांतता. भाचा म्हणाला, ही गेली. आई आतून म्हणाली, “जातील कशाला? पेटी आहे की माळ्यावर.”

पेटी होतीच. पातळाचे तुकडेसुद्धा होते तसे. वहीत क्रमांक बघून कॅसेट काढल्या, शेजाऱ्यांकडून टेप आणला, कोलन वॉटर लावून हेड पुसलं. कापसावर डाग आलाच. भजनं पुन्हा संगणकात घेतली आणि भाच्याने नव्या फाइलींना जुन्या फाइलींचीच नावं, अक्षराला अक्षर, देऊन त्याच जागी ठेवली. आयट्यून्सला काही कळलं नाही. त्याच्या लेखी गाणं कुठे गेलंच नव्हतं. आप्पांच्या ऐकण्याचा आकडा त्याच्यापुढे तसाच राहिला. गाणं पेटीतून आलं, आठवण डिस्कमधून आली, आणि दोघांची गाठ पुन्हा बसली.

मग आम्ही तिघं पडद्यासमोर बसलो. आकड्यांच्या उतरत्या क्रमाने यादी लावली. वर अभंग होते, माणिक वर्मा होत्या, वसंतराव होते. शेवटचं वाजल्याच्या वेळा पहाटे पाच, सव्वापाच. आप्पा फिरताना दिसायला लागले. मधेच कुठल्या कुठल्या वेळा दुपारच्या निघाल्या, अडीच, तीन. मी म्हटलं, आप्पा तर या वेळी झोपायचे.

“ते माझं आहे,” आई म्हणाली. “ते झोपले की मी लावायचे. त्यांनीच शिकवलं होतं कुठलं बटण दाबायचं ते.”

आम्ही इतका वेळ ज्याला आप्पांचं ऐकणं म्हणत होतो, त्यात कितीतरी तिचं होतं. आम्हाला सुचलंच नव्हतं. कॅसेटच्या काळात असं झालं नसतं. टेप घराचा होता आणि फीत सगळ्यांच्या ऐकण्याने झिजत होती.

भाच्याने वगळलेल्या गाण्यांचा रकाना उघडला. बहुतेक ठिकाणी शून्य, कुठे एक, कुठे दोन. एकाच गाण्यापुढे आकडा मोठा. नानांचं, तलतचं ते गाणं. शेवटपर्यंत वाजल्याची नोंद एकदाही नाही. मी म्हटलं, आप्पांना ते ऐकवत नसणार. मग काढून का नाही टाकलं?

आईने पडद्याकडे बघितलं. “ते नाही पुढे ढकलायचे, मी ढकलायचे. नुसती सुरावट लागली की ह्यांचा चेहरा बदलायचा. मी जवळ बसलेली असायचे, पुढचं लावून द्यायचे. काढून टाकू का विचारलं तर म्हणाले, राहू दे, त्याचं आहे.”

फितीवर हे कधीच उमटलं नसतं. न ऐकलेल्या गाण्याची फीत नवी राहते, एवढंच. कोणी ते किती वेळा टाळलं, आणि कोणासाठी, याची खूण ठेवायची सोय कॅसेटमध्ये नव्हती.

भाच्याचं म्हणणं पडलं की आता ही लायब्ररी गोठवून ठेवावी. आजीला नवी करून द्यावी, म्हणजे आप्पांचे आकडे आहेत तसे राहतील. आईला ते पटलं नाही. “वेगळी कशाला? मी रोज लावणार. वाढू देत की आकडे.” तेव्हा तडजोड झाली. आई ऐकते ती चालती लायब्ररी सावेडीच्या घरात. तिची एक प्रत दादाकडे पुण्याला, तोही आता रात्री ऐकतो. आणि तिसरी, आप्पांच्या वेळची, कपाटात. तिला हात लावायचा नाही. अडचण एवढीच की त्या दिवसापासून दोन घरांचे आकडे दोन वाटांनी वाढताहेत आणि आयट्यून्स ते आपणहून एकत्र करून देत नाही. दोन्ही याद्या वाचून बेरीज करणारा छोटा प्रोग्राम भाचा लिहितोय. दिवाळीला दादा ड्राइव्ह घेऊन येणार आहे. तोपर्यंत तलतचं गाणं दोन्हीकडे मिळून किती वेळा शेवटपर्यंत वाजलंय ते मला माहीत नाही. आमच्याकडे मात्र एकदा वाजलं, गेल्या आठवड्यात, दुपारी पावणेतीनला.